फक्त पाठ पाहिली

तात्यासाहेबांना मी प्रथम पाहिले ते सांगलीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत. टाचणीला टोचलेल्या एका माशीला ते म्हणत होते, "बाईसाहेब, जरा कुशीवर वळा." मला दारातच हसू फुटले. मान वर न करता त्यांनी विचारले, "हसता येतं, तशी माशीही ओळखता येते का?" येत नव्हती. मी तेव्हापासून त्यांचा शिष्य आहे.

दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढून त्यालाच संपवणाऱ्या माशा हा त्यांचा विषय. साऱ्या दिसायला सारख्या: करड्या, केसाळ, पाठीवर पट्टे. पण वाईपासून मिरजेपर्यंत कुणीही आगपेटीत माशी घालून पाठवावी आणि तात्यासाहेबांनी तिचे कूळ सांगावे, असा त्यांचा लौकिक.

शिकत असताना मला सूक्ष्मदर्शकातले अंधुक दिसू लागले. लाजेपोटी मी कुणाला सांगितले नाही. तात्यासाहेबांनी ते ओळखले आणि स्वतः मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. बाकावर शेजारी बसून म्हणाले, "दिसत नाही हे सांगायला लाज कसली? न दिसता दिसलं म्हणावं, त्याची लाज वाटू द्या."

साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाला त्यांनी संमती दिली ती एका अटीवर. माणची हकिकत गाळायची नाही. ती लिहिताना आज माझीच मान खाली जाते आहे. पण आज्ञा त्यांची आहे.

लढाईच्या दिवसांत माण तालुक्यातल्या नाना नावाच्या शेतकऱ्याचा फौजेतला मुलगा सुटीवर कॅमेरा घेऊन आला. बाजरीत फार दिसणाऱ्या एका माशीचा त्याने फोटो काढला आणि नानांनी तो माशी कोणती हे विचारण्यासाठी पाठवला. फोटो वरून घेतलेला, मोठा केलेला; माशी केवढी, कळायला मार्ग नव्हता. तात्यासाहेबांनी कळवले, खोडमाशी. म्हणजे पिकाची वैरीण. नानांनी गाव गोळा करून तिचे मातीतले तपकिरी कोष वेचून जाळले. पुढच्या पावसाळ्यात केसाळ अळीने बाजरीला पान ठेवले नाही.

हे कळताच तात्यासाहेब आम्हा दोघा शिष्यांना घेऊन तिकडे गेले. बांधावर तसलीच एक माशी सापडली. भिंगाखाली त्यांनी ती कुशीवर वळवली. पाठीच्या टोकाखालचा, वरून न दिसणारा बारीक फुगवटा दिसला. त्या अळीच्याच अंगात वाढून तिला मारणारी ती माशी होती.

चावडीपुढे त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "ही तुमची राखणदार होती. मी ती जाळायला लावली."

"मंग आमची बाजरी कुनी खाल्ली म्हनायची, सर?" नाना म्हणाले. "अळीनं का तुमी?"

"मी."

आम्ही दोघे आमच्या वहाणांकडे पाहत राहिलो. एवढ्या मोठ्या माणसाला असे उभे पाहून धरणीने पोटात घ्यावे असे झाले होते. माझा सोबती पुटपुटला, "फोटोच नीट नव्हता." तात्यासाहेब गर्रकन वळले. "मग तसं लिहायला माझा हात कुणी धरला होता?" नानांनी आम्हाला पाणी दिले.

तेव्हापासून फोटोवरून दिलेल्या प्रत्येक उत्तराखाली ते लिहितात, 'फक्त पाठ पाहिली.' टपाल आले की आधी विचारतात, "माणहून काही?" आगपेट्या सगळीकडून येत, त्या गावाहून एकही नाही. "नाही" म्हणताना आम्हालाच चोरट्यासारखे होई.

सत्काराचे निमंत्रण मीच नानांना पाठवले, भीत भीत. परवा ते सांगलीला आले. हार नाही, नारळ नाही. खिशातून आगपेटी काढून त्यांनी तात्यासाहेबांपुढे ठेवली.

"आवं सर, फोटू न्हाई आनला. माशीच आनलिया. कडंनं बगा आन् सांगा, मारू का ठिवू?"

तात्यासाहेब भिंग शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होते. डोळे पुसून त्यांनी माशी कुशीवर वळवली, पुष्कळ वेळ पाहिली.

"ठेवा, नाना."

तात्यासाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे असेच धड राहोत, हातातले भिंग न थरथरो, आणि माणच्या आगपेट्या उघडायला त्यांना भरपूर आयुष्य मिळो. मी आयुष्यभर त्यांच्या मागून चाललो. म्हणून या लेखाखाली मलाही लिहिले पाहिजे: फक्त पाठ पाहिली.