गारवा तुमकूरला उतरला

आमची इंदू सकाळी उठली की तोंड धुण्याआधी बेळगावला फोन लावायची. तिकडं तिची धाकटी बहीण शालू. "शालू, गारवा निघाला का गं?" हे पहिलं. तब्येत, पोरंबाळं सगळं नंतर. मग हुबळीच्या मंगलला फोन. ती दुसरी बहीण, तिलाही तेच. इंदूच्या मते उन्हाळ्याच्या तोंडाला जो गार वारा सुटतो तो बेळगावहून निघतो, हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत हायवेनं खाली येतो आणि मल्लेश्वरममध्ये आमच्या दारात हजर होतो. पाहुणा बसनं यावा तसा.

मी चौथी शिकलेला माणूस. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथ चालवून जन्म काढला. हवामानातलं मला काही कळत नाही. पण तिलाही कळत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. फाल्गुनातल्या भाजत्या सकाळी ती मला स्वेटर घालून कंपनीच्या बसकडं पाठवायची. "कालच हुबळी सोडलंय त्यानं. येताना गाठेल तुम्हाला." लेथपुढं मी घामानं निथळायचो आणि शेजारच्या मशीनवरचा विचारायचा, "अण्णा, मल्लेश्वरमला बर्फ पडला काय?" संध्याकाळी मी तो स्वेटर तिच्यापुढं आपटायचो. ती शांतपणे त्याची घडी घालायची. "तुमकूरला उतरला असेल. त्याला मी काय करू?"

आपलं चुकलं असं ती कधी म्हणालीच नाही. गारवाच लबाड, मधेच उतरतो. लेकीनं मला मोठा फोन घेऊन दिला, त्यात हवामान दिसायचं. दाखवायला गेलो तर म्हणाली, "हा फोन सकाळपासून कुठं होता?"

"माझ्या खिशात."

"मग? खिशात बसून त्याला काय दिसणार?"

तरी सगळी बिल्डिंग तिलाच विचारायची. कुरडया, सांडगे, पापड, गच्चीवर जे काही वाळत पडायचं ते इंदूच्या हुकमानं. खालच्या मजल्यावरची जयक्का तर तिला विचारल्याशिवाय मिरच्याही पसरायची नाही. "अक्का, मळे बरत्ता?" म्हणजे पाऊस येईल का. इंदू आभाळाकडं बघायचीसुद्धा नाही. "शालूकडं ऊन आहे. घाल निवांत." जयक्काच्या मिरच्या भिजल्या. पुढच्या खेपेला पुन्हा भिजल्या. तरी परत विचारायला आली. मी म्हटलं, "जयक्का, वेड लागलंय का तुला?" तर म्हणते कशी, "अक्कांनी स्वल्प धीर दिला की बरं वाटतं, अण्णा. भिजल्या तर भिजल्या."

गेल्या फाल्गुनात इंदूच्या छातीनं दगा दिला. खोलीतून न्हाणीपर्यंत गेली तरी धाप. डॉक्टर म्हणाले, जिना चढू देऊ नका, गार वारा लागू देऊ नका. आणि नेमकं तेव्हाच पुण्याच्या लेकीचं डोहाळजेवण ठरलं. पहिलंच. आईच्या हातच्या कुरडया पाहिजेत असं लेक काही म्हणाली नव्हती. इंदूच म्हणाली, आणि गहू भिजत घातले. ही आता गच्चीवर चढणार, ऐकणार नाही, हे मी ओळखलं. गुपचूप शालूला आणि मंगलला फोन केला. म्हटलं, तुमच्या आक्काला सांगा, तिकडं थंडी पडलीय.

दुसऱ्या दिवशी शालू म्हणाली, आज पहाटेपासून गार वारा सुटलाय. मंगलही म्हणाली, आज पहाटेपासूनच. इंदूनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"एकाच पहाटे बेळगावात पण आणि हुबळीत पण? विमानानं आला का?"

मी स्वेटर शोधायला उठलो.

"चला. खुर्ची वर न्या."

मग काय. खुर्ची नेली. तिला धरून, थांबत थांबत जिना चढवला. माझी माकडटोपी, माझाच स्वेटर, वर शाल. चीक मीच शिजवला होता, सोऱ्याही मीच दाबला. "अहो, कुरडई घालताय का गाठ मारताय? गोल फिरवा हात!" जयक्का पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटची कुरडई पडली आणि वारा सुटला. खराखुरा, हाडात शिरणारा. आभाळ भरून आलं. मी इंदूला घाईनं उठवलं तर टोपीतून म्हणाली, "हा बेळगावचा नव्हे. हा भलतीकडून आलाय."

पुढं ऊन पडलंच नाही. इंदू अंथरुणातून विचारायची, "वाळतायत ना गं?" जयक्का दारातून सांगायची, "वाळतायत अक्का, वर छान ऊन आहे." कुरडया जयक्काच्या घरात, झोपायच्या खोलीत पंख्याखाली पसरलेल्या होत्या. घरातली माणसं स्वयंपाकघरात निजत होती.

वाळल्यावर तिनं डबा भरून आणला. इंदूनं एक कुरडई उचलली, नाकाला लावली, दाताखाली मोडली. "ऊन चांगलं लागलंय गं," म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?" जयक्का खूश होऊन गेली. दार लागलं तशी इंदू माझ्याकडं वळली.

"पंख्याखाली वाळवल्यात. आंबूस वास येतोय. मला कळलं हे तिला कळू देऊ नका."

कुरडया पुण्याला पोचल्या. वैशाखात इंदू गेली. जयक्का अजून जिन्यात भेटली की सांगते, "अण्णा, अक्कांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही हं."

मी म्हणतो, "नाही लागला."