भजनात बाबाच ऐकू येईनात

मंडळी, आज दुपारी आईनं मला पार रडकुंडीला आणलं.

बाबा गेल्या पोळ्याला वारले. शिरड शहापूरच्या मंदिरात त्यांनी भजन म्हटलं होतं, त्याची जुनी कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवली. हेडफोन लावून ऐकली, झकास वाटली. मग आईच्या मोबाईलवर टाकून दिली.

तिनं ऐकलं आणि म्हणाली, "टाळ वाजून राहिले, समदे गाऊन राहिले. तुझे बाबाच काहून न्हाईत?"

म्हटलं, वयानं ऐकू येत नसेल. मोबाईल हातात घेऊन ऐकलं. बाबा खरंच नव्हते!

बसलो डोकं खाजवत. मग आठवलं. बाबा मधोमध बसायचे आणि दोन्ही बाजूंना एकेक माइक. त्यातल्या एकाची तुटलेली तार त्यांनी घरीच डाग देऊन जोडली होती. ती उलटी जोडली गेली असणार. म्हणजे त्यांच्या आवाजाची लाट एका बाजूला सुलटी, दुसऱ्या बाजूला उलटी. हेडफोनमध्ये त्या वेगवेगळ्या कानांत जातात, पण मोबाईलच्या एकाच स्पीकरमध्ये दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. कडेचे लोक एकाच माइकजवळ, म्हणून राहतात; मधला माणूस दोन्हींत सारखा, म्हणून जातो.

कॉम्प्युटरवर उलटी बाजू सुलटी केली आणि भजन परत मोबाईलवर लावलं. टाळ वाजले, बाबांनी सूर धरला.

आईनं पटकन डोक्यावर पदर घेतला.

तुमच्याकडं आहे का कुणाचा असा आवाज? असला तर आजच एका स्पीकरवर लावून बघा. मधला माणूस ऐकू येतो का?