रेघकाकांच्या तुटक रेघा

ऑफिसात त्यांना सगळे रेघकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच पडून होतं. घरांचे नकाशे काढणारं ते छोटंसं ऑफिस. कॉम्प्युटर चार, माणसं चार, आणि त्या चारही कॉम्प्युटरांतल्या रेघांचा कारभार मात्र एकट्या काकांच्या हातात.

राहणारी भिंत सलग रेघेनं काढायची, पाडायची भिंत तुटक रेघेनं, डोक्यावरून जाणारी तुळई ठिपक्यांनी. बांधकामावरचा माणूस मजकूर वाचत बसत नाही, तो रेघ बघतो आणि हातोडा उचलतो, असं काका सांगत. म्हणून एकेका रेघेला आपल्या मर्जीनं रूप द्यायला बंदी होती. प्रत्येक प्रकाराचा लेयर, म्हणजे नकाशातला थर, वेगळा, आणि लेयरचं जे रूप तेच त्यातल्या सगळ्या रेघांचं. कुणी घाईघाईत एखादी रेघ परस्पर तुटक केली की काकांना लगेच वास यायचा.

"हिला लाडावून ठेवलीय का?" ते विचारायचे. "घरात सगळ्यांना एक नियम आणि हिला वेगळा?"

पोरं हसायची, पण रेघ बदलायची.

तर अशा माणसाचे डोळे दगा द्यायला लागले. कुणाचेही जावेत, पण यांचे जाऊ नयेत असं वाटतं. डोळे काही विचारून जात नाहीत. तुटक रेघांमधल्या फटी हळूहळू बुजायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, जे गेलं ते परत यायचं नाही. काकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "काही नाही, नंबर वाढलाय."

"एवढा नंबर वाढला तरी माझ्या चुका बऱ्या दिसतात तुम्हाला!" ती म्हणाली. काका हसले आणि विषय तिथंच संपवला.

ऑफिसात तर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. जुने साहेब जाऊन आता त्यांची मुलगी सगळं बघत होती. शाळेचं दप्तर घेऊन ती ऑफिसात यायची तेव्हापासून काका तिला ओळखत. चारचौघांत मॅडम, दोघंच असली की तू. ती त्यांना हाकलून देणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पण डोळे गेल्याचं कळल्यावर ती त्यांना प्रेमानं घरी बसवणार, हेही माहीत होतं. ऑफिसातल्या त्या खुर्चीशिवाय आपण कोण, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची त्यांना भीती वाटत होती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. तुटक रेघेचे तुकडे केवढे आणि फटी केवढ्या, हे सगळ्या नकाशाला मिळून एक आकडा ठरवतो. लाइनटाइप स्केल म्हणतात त्याला. काका काम करताना तो आकडा वाढवून ठेवत. फटी रुंद व्हायच्या, दिसायच्या. प्रिंटला पाठवण्याआधी आकडा पुन्हा जागेवर. बरेच महिने हे बिनबोभाट चाललं.

आणि एकदा विसरले.

नकाशा होता एका जुन्या घराचा. त्या घरातल्या आजींचं चालणं बंद झालेलं. त्यांची चाकांची खुर्ची न्हाणीघरात जावी म्हणून दाराशेजारची एक आखूड भिंत पाडायची होती. आता गंमत अशी की तुकडा रेघेपेक्षाच मोठा झाला तर फटीला जागा उरत नाही, आणि सॉफ्टवेअर ती रेघ मुकाट सलग काढतं. लांब भिंती तुटक उमटल्या. आखूड भिंत सलग उमटली. गवंड्यानं ती राखली आणि वर छान फरशाही बसवल्या.

आजींच्या मुलाचा फोन आला तेव्हा मॅडमनी तो स्पीकरवर घेतला.

"आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं," तो म्हणाला, "आणि खुर्ची दारातच अडकली. मी उचलून आत नेलं तिला. लाजेनं रडत होती हो ती. ती भिंत जायची होती ना?"

मॅडमनी माफी मागितली, फोन ठेवला, प्रिंट उलगडली आणि कपाळाला हात लावला. "हा त्या प्रिंटवाल्याचा घोळ. काकांच्या हातून असलं काही होणंच शक्य नाही. थांबा, त्याला चांगली हजेरीच देते."

त्यांनी पुन्हा फोन उचलला. मॅडमनी चार शिव्या दिल्या असत्या तर काकांनी त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या. तो विश्वास मात्र त्यांना सोसला नाही.

"ठेव तो फोन," ते म्हणाले.

चारचौघांत काकांनी मॅडमना तू म्हटलं, तशी सगळ्यांची बोटं थांबली.

"स्केल मी वाढवलं होतं. फटी दिसत नाहीत मला."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"काकूंना माहीत आहे?"

काकांनी मान हलवली. नाही.

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "मला तरी सांगायचं, काका."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी कुठं गेलो असतो?"

प्रिंटची घडी घालत मॅडम म्हणाल्या, "भिंत उद्या पाडून घेते. मी स्वतः जाते."

"मीही येतो. त्या आजींना तोंड दाखवायला हवं." मग त्यांनी ती फाइल उघडली.

"राहू द्या ना, मी करते."

"नको. माझ्या हातून बिघडलंय, माझ्याच हातून नीट होऊ दे."

बोटांना सगळं पाठ होतं. त्यांनी आकडा पुन्हा जागेवर आणला. पडद्यावर काहीतरी हललं, आणि राहणाऱ्या भिंती, पाडायच्या भिंती, सगळ्याच त्यांना सारख्या दिसायला लागल्या.

"झाली का ती तुटक?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी डोळे पुसले आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं. "झाली, काका."

"नीट बघ गं," काका म्हणाले. "आता मला कळायचं नाही."