बोडीत धुतलेली सायकल

बाबांच्या नव्या सायकलीचं मागचं चाक पहिल्यांदा जाम झालं तेव्हा आम्ही कंपनीला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा झालं तेव्हा दुकानदारालाही सोडलं नाही. वॉरंटी होती, म्हणून भंडाऱ्याचा तो बिचारा चाकाच्या मधला हब बदलून द्यायचा. पण नवा यायला आठवडा सहज जायचा आणि तेवढे दिवस बाबांची मासोळी शहापूरला पोचायची नाही.

आम्ही ढीवर. पहाटे बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जाळं टाकायचं आणि ऊन चढायच्या आत शहापूरच्या ठरलेल्या घरी मासोळी द्यायची, हा बाबांचा नेम. एक म्हातारी तर त्यांची घंटी ऐकूनच मसाला वाटायला बसायची. त्या घरांचा त्यांना भारी अभिमान, सोयऱ्यांसारखं बोलायचे त्यांच्याबद्दल. मोटारसायकलवर बर्फाचा डबा बांधून एक जण तिकडे फिरू लागला, हे त्यांच्या कानावर आलं होतं. बर्फातली शिळी मासोळी कोण खाते, म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. मला मात्र धाकधूक होती.

तिसऱ्यांदा चाक अडकलं तेव्हा मीही दुकानात गेले, भांडायच्या तयारीनेच. दुकानदाराने या वेळी आमच्यासमोर हब उघडला. छर्रे गंजून लाल झालेले, आत काळा गाळ. सायकल पाण्यात नेता काय, असं त्याने विचारलं. रोज नेतो, बाबा कौतुकाने म्हणाले. मासोळी देऊन आले की ते सायकल बोडीत कमरेइतक्या पाण्यात आडवी करायचे आणि धानाच्या तणसाने घासायचे. आम्ही रोज बघायचो, कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुकानदार म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही काका, पण या खेपेला देतो करून. भांडायला आलेली मी खाली मान घालून उभी राहिले.

परतताना एसटीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते.

"जाळं नाही धुतलं त सडते," ते म्हणाले. "मले वाटलं, हेही तसंच."



नवा हब बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या सायकलवर त्यांच्यासोबत निघाले. मला शहापूरहून बस धरायची होती. पहिलंच घर त्या म्हातारीचं. ती अंगणात मासोळी साफ करत बसली होती. घंटी ऐकली आणि तिने घाईघाईने ताटावर पदर ओढला.

"आज उपास हाये, बापू," ती म्हणाली.

पदराखालून एक शेपटी दिसत होती. बाबांनी ती बघितली.

"बरं, माय," म्हणाले, आणि निघाले.

पुढच्या वळणावर ते एकदम उतरले. मला वाटलं, चाक पुन्हा अडकलं. मी उतरून फिरवून बघितलं, छान फिरत होतं. मग मी वर बघितलं. माझा बाप रडत होता.