दोघींचा एकच चॅनेल

आमच्या घरात कोणतीही वस्तू एकटी येत नाही.

मी, धाकटा भाऊ शिवा, आमच्या दोघांच्या बायका आणि एकेक मुलगी असे सहा जण एकाच घरात राहतो. एका दिवाळीला मी दोन्ही जावांना एकसारख्या साड्या आणल्या. एकसारख्या म्हणजे माझ्या मते. एकीचा काठ गर्द हिरवा निघाला आणि दुसरीचा पोपटी. पुढे दोन महिने आमच्या एकाच गॅसवर दोन पातेल्यांत दोन चहा उकळत होते. (मला दोन्ही प्यावे लागत.) तेव्हापासून मी नियम केला: आणायचं ते जोडीनं, आणि सुतापर्यंत एकसारखं.

म्हणून माझी पूजा आणि शिवाची शिल्पा, दोघी पॉलिटेक्निकला असताना, रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतो म्हणाल्या, तेव्हाच खर्च दुप्पट होणार हे मला कळलं. गाड्या त्यांनी कॉलेजातल्या कुणाकडून जुन्या घेतल्या होत्या. रिमोट मात्र नवे हवे होते, आणि तेही चाकाचे.

"चाकाचा म्हंजे?" मी विचारलं.

"पिस्तुलागत धरायचा, पप्पा," पूजा म्हणाली. "चाप ओढला की गाडी पळती. बाजूला बारकं चाक असतंय, ते फिरवलं की वळती."

भाव करायचा म्हटल्यावर मी जातीनं गेलो. मुरगूडच्या बाजारात पोत्यावर भांडी मांडून मी धंदा सुरू केला. आज कोल्हापुरात माझं स्वतःचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. भांडं बोटानं वाजवलं की मी पत्र्याची जाडी सांगतो. मला कोणी फसवू शकत नाही.

राजारामपुरीतला दुकानदार दीपक शांत माणूस होता. (अशांपासून सावध राहावं.) त्यानं तीन रिमोट मांडले. पहिल्याला छोटा पडदा होता आणि किंमत फ्रिजची. दुसरा स्वस्त, पण त्याला चाकाऐवजी दोन दांड्या. पोरींनी नाकं मुरडली. तिसरा चाकाचा, बिनपडद्याचा, साडेतीन हजारांचा. मी तो उचलला आणि बोटानं वाजवला.

"पावणं, भांडं न्हाय ते," दीपक म्हणाला.

"बद्द वाजतंय."

"प्लास्टिक हाय."

"मग प्लास्टिकचा भाव सांगा की."

पूजानं माझ्या कानात सांगितलं, की चाक सोडल्यावर ते बरोबर मधोमध परत यायला हवं. मी सोडलं. ते मध्याच्या केसभर अलीकडे थांबलं. त्या केसावर मी पाऊण तास भांडलो. दोनदा दुकानाची पायरी उतरलो. दुसऱ्या वेळेला तर पोरींना पुढे पाठवून रिक्षात बसवलं, म्हणजे गिऱ्हाईक खरंच चाललंय असं दिसावं. शेवटी नवे, न उघडलेले दोन रिमोट आणि दोन्ही मिळून सहाशे रुपये कमी. त्या केसाचा मला आजही अभिमान आहे.

दीपकनं एक खोकं लाल टिकलीचं काढलं आणि एक निळ्या टिकलीचं. माझ्या डोळ्यांपुढे तो पोपटी काठ उभा राहिला.

"ह्यो निळा कशाला? उरलेला माल खपवतायसा व्हय?"

"तसं न्हाय ओ. दोन्ही लाल घेतलं तर दोघींचा चॅनेल एकच हुईल."

"हुंदे की! घरात टीव्हीम्होरं रोज चॅनेलवरनंच भांडाण असतंय. हितं तरी एक हुंदे."

"अवो, मी काय म्हणतोय..."

"दोन लाल. न्हायतर ऱ्हाऊ दे."

त्यानं दोन लाल बांधून दिले. पोरी रिक्षातच होत्या. बॅटरीचा चार्जर मात्र मी एकच घेतला. चार्जरवरून कोण भांडतं? त्यामुळे महिनाभर पूजानं गच्चीवर सकाळी सराव केला आणि शिल्पानं संध्याकाळी.

शर्यत रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या सिमेंटच्या आवारात होती. दोघी वेगवेगळ्या फेरीतून निघाल्या आणि दोघीही फायनलला पोचल्या. शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, की दोन्ही पोरी आमच्याच. रिमोट केवढ्याला पाडून आणले तेही सांगितलं. रेषेवर झेंडा घेऊन उभा होता तो दीपकच.

पाच गाड्या ओळीत लागल्या. पोरींनी रिमोट चालू केले. शिल्पानं चाप जरासा ओढला आणि पूजाची गाडी सुटली.

"शिल्पे, माझी का पळीवतीस?"

"मी माझीच पळीवतोय की!"

दोन्ही गाड्या हिव भरल्यासारख्या थरथरल्या. एक जागच्या जागी गोल फिरू लागली. दुसरी प्रेक्षकांत शिरली आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही जावांच्या खुर्च्यांखालून गेली. दोघींनी एकदमच पाय वर घेतले.

दीपकनं दोन्ही रिमोट पाहिले. मग तो माझ्याकडे वळला. "पावणं, चॅनेल एक झाला बघा."

मग त्यानं सगळ्यांदेखत समजावलं. रंग ही रिमोटच्या लहरीची खूण. आत क्रिस्टल नावाचा बारका तुकडा असतो, त्यावर ती ठरते. एकाच रंगाचे दोन रिमोट एकत्र चालू झाले, की कुणाचं ऐकायचं ते गाडीलाही कळत नाही. निळं क्रिस्टल दुकानात होतं, पण आणेपर्यंत फायनल संपली असती. दोघींपैकी एकीलाच उतरता येणार होतं.

मी जावांकडे पाहिलं. त्या एकमेकींकडे पाहत नव्हत्या. मला गॅसवरची दोन पातेली दिसू लागली.

तेवढ्यात पूजानं आपला रिमोट बंद केला आणि माझ्या हातात दिला. "शिल्पे, तुझी वळणं माझ्यापेक्षा भारी हायत. तू पळीव. मी मागं हुभा ऱ्हाऊन जागा कुठं हाय ते सांगतो."

ती सांगत गेली, शिल्पा वळवत गेली, आणि आमची गाडी पहिली आली. कप घ्यायला शिल्पा एकटी गेली नाही. पूजाला दंडाला धरून ओढत घेऊन गेली. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. (सिमेंटवरची.)

"बघितलंस, सुनंदा?" माझी बायको शिल्पाच्या आईला म्हणाली. "पोरींना कळतंय. ह्यास्नी कळंना."

"व्हय अक्का. साडीचं बी असंच केलतं भाऊजींनी."

बऱ्याच वर्षांनी दोघींचाही चॅनेल एक झाला होता. माझ्या विरुद्ध.

सोमवारी मी पोरींना घेऊन दीपककडे गेलो. माझी तक्रार होती आणि अजून आहे: माणसानं सरळ सांगावं, चॅनेल बिनेल म्हणू नये.

"निळं क्रिस्टल केवढ्याला?"

"सहाशे."

मी तोंड उघडलं. मागं वळून पाहिलं, तर पोरी या वेळी रिक्षात बसायला तयार नव्हत्या. मी सहाशे मोजून दिले.

गच्चीवर दोन्ही गाड्या एकदम सुटल्या, आणि जिची गाडी तिचंच ऐकू लागली.

"मोठे पप्पा," शिल्पा म्हणाली, "भाव न करता आणलेली ही आपल्या घरातली पयलीच वस्तू."

"म्हणून तर चालली," पूजा म्हणाली.