शून्य बाइटच्या आठ फाइली

"मॅडम, म्या व्हॉल्व्ह उघडला व्हता. तुमचं मशीन नाय म्हणतंय, म्हणून काय मी खोटा का?"

कचरूभाऊ माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांच्या शेजारी पठाणसाहेब होते, हातात प्रिंटआउट. त्यावर आठ ठिकाणी, दोन ओळींच्या मध्ये, लाल पेनने गोल केलेले होते.

चिकलठाणा एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. आम्ही हँडहेल्ड बनवायचो, म्हणजे हातात मावणारी, बटणांची, जाडजूड मशीनं. त्यातलं सॉफ्टवेअर मी बघायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष चालू होतं. धरणातलं पाणी तळाला गेलेलं. इकडे बीड बायपासच्या पलीकडे बघावं तिकडे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. पाणी कधी चौथ्या दिवशी यायचं, कधी सहाव्या. नव्या वसाहतींना पाळीनं पाणी सोडायचं काम एका कंत्राटदाराकडे होतं. पठाणसाहेब त्याचे सुपरवायझर. कचरूभाऊ त्यांच्याकडे लाइनमन. रस्त्याखालच्या चेंबरमधला व्हॉल्व्ह लांब चावीनं उघडायचा, ठरलेला वेळ झाला की बंद करायचा, हे काम ते अठरा वर्षं करत होते.

प्रत्येक लाइनमनला आमचं एक हँडहेल्ड दिलेलं होतं. व्हॉल्व्ह उघडला की 'चालू' दाबायचं. बंद केला की 'बंद' दाबायचं. 'बंद' दाबलं की त्या पाळीची एक फाइल तयार व्हायची. तीत व्हॉल्व्हचा नंबर, दोन्ही वेळा आणि जागा. संध्याकाळी ऑफिसात केबल लावली की रिपोर्ट निघायचा.

रिपोर्ट म्हणत होता की त्या महिन्यात कचरूभाऊंनी आठ पाळ्यांना व्हॉल्व्ह उघडलाच नाही.

"बाकी सब लाइनमन का रेकॉर्ड बराबर है मॅडम," पठाणसाहेब म्हणाले. "ह्यांचंच कसं गायब होतं? वरचे लोक म्हणतात, ह्यांनी एका कॉलनीचं पाणी दुसरीकडं वळवलं. सोमवारी फैसला आहे. मशीन चेक करून द्या, बस."

दुष्काळात पाणी वळवलं म्हणजे काय आरोप आहे, हे मी सांगायला नको. तो दिवस शुक्रवारचा होता.

मी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि फाइलींची यादी उघडली. त्या आठही पाळ्यांच्या फाइली तिथं होत्या. नाव बरोबर, तारीख बरोबर. फक्त आकार शून्य. आत एक अक्षर नाही. रिपोर्ट काढणारा प्रोग्राम रिकामी फाइल सोडून पुढं जायचा, म्हणून छापील कागदावर त्या पाळ्या नव्हत्या.

"साहेब, ह्यांनी बटण दाबलंय," मी म्हणाले. "दाबलं नसतं तर फाइलच तयार झाली नसती."

"मग आतलं कुठं गेलं?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी कचरूभाऊंना विचारलं, "'बंद' दाबल्यावर तुम्ही काय करता? सगळं सांगा, बारीकसारीकसुद्धा."

"काय करणार? बॅटरी काढतो अन् खिशात घालतो."

"बॅटरी काढता?"

"व्हय. चार्जिंग वाचतं ना. घरी टॉर्चमधले सेल काढून ठेवतो, तसंच. बटणानं बंद करायला लई टाइम लागतो, तवर पुढल्या व्हॉल्व्हला उशीर." मग म्हणाले, "बाकीच्यांची मशीनं दुपारीच झोपतात. माझं सांजपर्यंत चालतंय."

आमच्या मशीनची बॅटरी दिवसभर पुरत नव्हती, ही तक्रार आमच्याकडे होतीच. त्यावर तोडगा काढणारा एकच माणूस निघाला, आणि तोच आरोपी झाला होता.

मी त्यांच्यासमोरच करून बघितलं. 'चालू', 'बंद', मनात दहापर्यंत मोजलं आणि बॅटरी काढली. पुन्हा घातली. मशीन सुरू झालं. फाइल होती, आकार शून्य. मग चाळीसपर्यंत मोजून काढली. फाइल पूर्ण भरलेली. तीन-तीनदा केलं. प्रत्येक वेळी तेच.

"कधी कधी चेंबरचं झाकण आधी लावतो, मग बॅटरी काढतो," कचरूभाऊ म्हणाले. "कधी घाईत आधीच काढतो."

म्हणजे झाकण लावण्यात अर्धं-पाऊण मिनिट जायचं, आणि बाकीच्या पाळ्या त्यानंच वाचवल्या होत्या. ही चूक कुणाची ते मला कळलं होतं. माझी.

इथं थोडं समजावून सांगते. आमच्या मशीनमध्ये अँड्रॉइड चालायचं. दुसऱ्यांसाठी तयार झालेलं अँड्रॉइड आपल्या बोर्डावर नीट बसवायचं, याला पोर्टिंग म्हणतात. त्यात एक निर्णय फाइल सिस्टिमचा असतो. माहिती ज्या चिपवर राहते तिला फ्लॅश म्हणतात. ती चिप म्हणजे पाट्यांची चळत समजा. पाटीवरची एक ओळ बदलायची तर पूर्ण पाटी पुसावी लागते. आणि प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच पुसता येते, मग ती झिजून निकामी होते. कुठल्या पाटीवर काय लिहायचं, कुठली कधी पुसायची, हे सांभाळणारा कारभारी म्हणजे फाइल सिस्टिम.

आधीच्या मॉडेलमध्ये याफ्स नावाची फाइल सिस्टिम होती. तिचा स्वभाव सरळ. फाइल बंद केली की तिथल्या तिथं चिपवर लिहून मोकळी. पण मशीन नीट बंद केलं नाही, तर पुढच्या वेळी सुरू होताना सगळ्या पाट्या वाचत बसायची. क्लायंटची ओरड तीच होती, मशीन सुरू व्हायला फार वेळ लागतो. शिवाय अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या मूळ कोडमध्ये ती नव्हती. प्रत्येक नव्या आवृत्तीत आम्हीच ठिगळ लावून ती बसवायची. म्हणून नव्या मॉडेलला मी दुसरी निवडली, यूबीआयएफएस. आम्ही तिला नुसतं यूबी म्हणायचो. ती झटकन सुरू होते, जागा कमी खाते, चिप सगळीकडून सारखी झिजवते. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. सुरू होण्याचा वेळ, लिहिण्याचा वेग, मेमरी. सगळ्या रकान्यांत यूबी पुढं.

तिचा वेग कुठून येतो, तेही मला माहीत होतं. ती लगेच लिहीत नाही. किराणा आणायला प्रत्येक वस्तूसाठी वेगळी फेरी न मारता यादी साठवून एकदाच जावं, तशी ती माहिती आधी काही वेळ तात्पुरत्या मेमरीत धरून ठेवते. फाइलचं नाव आधी चिपवर जातं, आतला मजकूर अर्ध्या मिनिटानं. मधल्या वेळात वीज गेली तर नाव राहतं, मजकूर जातो. हे तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं. पण आमचं लाइनमनचं अ‍ॅप याफ्सच्या काळात लिहिलेलं होतं, 'फाइल बंद केली म्हणजे काम झालं' या भरवशावर. ते मी तपासलं नव्हतं.

मी सबनीससरांच्या केबिनमध्ये गेले. ते कंपनीचे मालक, मूळचे हार्डवेअरचे. सगळं ऐकून घेतलं.

"याफ्सवर परत जाऊ," ते म्हणाले.

"महिना जाईल सर. आणि कचरूभाऊ असेच बॅटरी काढत राहिले, तर मशीन सुरू व्हायला पुन्हा तेवढाच वेळ लागेल. क्लायंट पुन्हा दारात."

"मग यूबीला सांग ना, लगेच लिही म्हणून. तसा ऑप्शन असेल की."

"आहे. पण मग सगळंच अँड्रॉइड बारीकसारीक गोष्टीसुद्धा लगेच लिहीत बसेल. मशीन रेंगाळेल आणि चिप लवकर झिजेल."

"बरं, मग सर्क्युलर काढू. बॅटरी काढू नये."

"सर, चूक आपली आणि सर्क्युलर त्यांना?"

मी पुढं म्हणाले, "फाइल सिस्टिम आहे ती राहू दे. अ‍ॅप दुरुस्त करते. नोंद आधी तात्पुरत्या नावानं लिहायची. मग एफसिंक, म्हणजे 'आत्ताच्या आत्ता चिपवर उतरव' असा हुकूम. तो पुरा झाला की मगच खरं नाव द्यायचं आणि स्क्रीनवर 'नोंद झाली' दाखवायचं. अर्धवट फाइल खऱ्या नावानं कधी दिसणारच नाही. फक्त ही एक नोंद लगेच लिहायची, बाकी सगळं जसंच्या तसं. पण सर, आज पठाणसाहेबांना लेखी द्यावं लागेल की दोष आपल्या सॉफ्टवेअरचा होता."

"लेखी दिलं तर पुढची ऑर्डर जाईल."

"नाही दिलं तर कचरूभाऊ जातील. सोमवारी."

सबनीससरांनी सहीचं पेन काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "टाइप करून आण. मोजकं लिही. पण खरं लिही."

मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी सही केली. पठाणसाहेबांनी बाहेर उभ्यानंच पत्र वाचलं, दोनदा वाचलं. मग कचरूभाऊंकडे बघून म्हणाले, "मेरे भी ध्यान में आना चाहिए था. त्या आठ पाळ्यांत कुठल्याच कॉलनीतून एकही कंप्लेंट नाही आली. पाणी आलं नसतं तर लोकांनी माझा फोन फोडला असता."

कचरूभाऊ तेव्हा खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. ग्लासभर पिऊन झाल्यावर म्हणाले, "घरी कुणाला सांगितलं नव्हतं मॅडम. अठरा वर्षं झाली. आता चोर म्हणून घरी कसं जायचं, हेच कळंना."

"चुकलं आमचं," मी म्हणाले.

शनिवारी अ‍ॅपमधला बदल झाला. खरं तर पाच-सहा ओळींचा. जास्त वेळ चाचणीला लागला. बॅटरीच्या तारेत एक रिले बसवला, म्हणजे आपोआप वीज तोडणारा आणि जोडणारा स्विच. तो कुठल्याही क्षणी वीज तोडायचा आणि दर वेळी आमचा प्रोग्राम फाइली तपासायचा. रविवारी पूर्ण दिवस तो रिले टकटक करत राहिला. मी समोर डबा उघडून बसले होते, पण घास जात नव्हता. संध्याकाळी यादी बघितली. काही वेळा नोंद नव्हतीच, कारण ती पुरी व्हायच्या आतच वीज गेली होती. पण अशा वेळी स्क्रीनवर 'नोंद झाली' असंही आलेलं नव्हतं. 'नोंद झाली' आलं आणि फाइल रिकामी निघाली, असं एकदाही झालं नाही. तेव्हा कुठं मी डबा संपवला. आमटी गार झाली होती. तरी चांगली लागली.

सोमवारी पठाणसाहेबांचा फोन आला. लाल गोल केलेला कागद फाइलीतून काढून टाकला होता, आमचं पत्र त्या जागी लावलं होतं. कचरूभाऊ सकाळीच कामावर गेले होते. मी खुर्चीत मागं टेकले आणि दोन मिनिटं काहीच केलं नाही. ऑर्डरही गेली नाही. उलट पठाणसाहेबांनी मोठी बॅटरी मागितली, तीही आम्ही दिली.

त्या आठवड्यात सगळी मशीनं परत मागवून नवं अ‍ॅप घातलं. कचरूभाऊ आपलं मशीन घ्यायला स्वतः आले. फाइल सिस्टिम वगैरे मी सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या. एवढंच सांगा, बॅटरी काढू का नको?"

"'नोंद झाली' असं आलं की खुशाल काढा."

"झालं मग," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर मी बरीच पोर्टिंगची कामं केली, बऱ्याच फाइल सिस्टिमी निवडल्या. टीममधली पोरं अजूनही वेगाचे तक्ते घेऊन येतात, ते मी बघते. पण पहिला प्रश्न वेगळा विचारते. हे मशीन ज्याच्या हातात जाणार आहे, तो ते बंद कसं करतो? 'मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं,' असं उत्तर आलं, तर तक्ता बाजूला ठेवते आणि त्या पोराला दोन दिवस फील्डवर पाठवते.