नानांचा तांब्या आणि माझं पहिलं रिव्हॉल्व्हर

ज्या सकाळी मी सायखेडा सोडलं, त्याच सकाळी आमच्या घरातली बंदूकही घराबाहेर पडली. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. ती लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, असा नियम. नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. मुदतीची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भाड्याच्या जीपमध्ये पुढे नाना, त्यांच्या मांडीवर खाकी कॅनव्हासच्या खोळीत घातलेली बंदूक, मागे आई, ताई, मी आणि माझ्या दोन बॅगा. आधी पोलीस ठाणं, मग नाशिक, मग मुंबईचं विमानतळ.

ठाण्यातल्या हवालदारांनी बंदुकीचा नंबर उतरवून घेतला आणि बाहेर उभ्या जीपकडे बघून म्हणाले, "काय नाना, आज बंदुकीला पोचवायला सगळं वऱ्हाड?"

"पोरगं अमेरिकेला चाललंय," नाना म्हणाले. "त्याची पण एक पावती फाडा."

"त्याची पावती सरकार देत नाय. त्यो आपला आपण येतो परत."

"आन् नाय आला तर?"

"तर आमच्याकडं येऊ नका. आमच्याकडं नोंद नाय."

सगळे हसले. नानाही हसले. बंदूक हवालदारांच्या ताब्यात देऊन रिकामी खोळ मात्र नानांनी परत घेतली. "सरकारनं बंदूक मागितलीय, खोळ नाय मागितली," हे त्यांचं दर निवडणुकीचं वाक्य. जीपमध्ये बसल्यावर ती खोळ घडी करून मांडीवर ठेवली आणि आडगाव नाका येईपर्यंत तिचे बंद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "महिन्याभरात येईल ती घरी." माझ्याबद्दल काहीच म्हणाले नाहीत.

नाना चौथी शिकलेले. मी गावातल्या शाळेत शिकलो, मग रोज एसटीने नाशिकला जाऊन इंजिनियर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझं शिक्षण हे माझ्यापेक्षा त्यांचं काम आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची मापं तपासतो. केसाच्या जाडीचा फरक मला ओळखता येतो. घरातला फरक मात्र मला ओळखता आला नाही. त्याचीच ही गोष्ट. माझ्यासारखे जे गेले आणि ज्यांना आम्ही मागे ठेवून आलो, त्या दोघांसाठी मी ती लिहितो आहे.

आमचं घर गावाबाहेर मळ्यात. एका बाजूला द्राक्षाचा बाग, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा ऊस. त्या उसात बिबट्याचा वावर असायचा. मी गेल्यावर मळ्यात आई आणि नाना दोघंच उरले. ताई लग्नानंतर नाशिकला, गंगापूर रोडला राहायला गेलेली. त्यामुळे दर रविवारी फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बंदूक घरात आहे ना?"

"हाये की. खुंटीला हाये."

"मग मला इकडं घोर नाही."

हे वाक्य मी किती रविवार म्हणालो असेन, सांगता येणार नाही. चांगलं वाक्य आहे, असंच मला वाटायचं.

दसऱ्याला नाना विळे, पाभर, फवारणीचा पंप आणि बंदूक मांडून पूजा करायचे. आई व्हिडिओ कॉलवर ती दाखवायची. माझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असे. हळदकुंकू, आपट्याची पानं, झेंडूची माळ आणि भिंतीला टेकवून ठेवलेली ती खाकी खोळ. मी इकडून हात जोडायचो.

कारखान्यात माझ्याबरोबर डेल नावाचे एक वयस्कर गृहस्थ काम करतात. माझी मुलं त्यांना डेलकाका म्हणतात. मला नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी पहिल्यांदा नेलं. बरीच वर्षं मी त्यांच्याच बारीक बोअरच्या पिस्तुलाने कागदावर नेम धरत होतो. मग ग्रीन कार्ड आलं, शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग झाला आणि डेलकाका म्हणाले की आता स्वतःचं रिव्हॉल्व्हर घे, मोठ्या बोअरचं, रुंद नळीचं. म्हणजे एरवी निशाण्यावर सराव होईल आणि हंगामात हरणाची शिकारही करता येईल.

मी मापांचा माणूस. महिनाभर वही घेऊन बसलो. तीनशे सत्तावन्न, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, आणि त्याच्याही पलीकडची राक्षसी बोअरं. चार इंची नळी कमरेला सोपी, पण नेम लवकर हलतो. आठ इंची नळीचा नेम छान, पण ती झाडीत अडकते. हलकं घेतलं तर दिवसभर वागवता येतं, पण धक्का सगळा मनगटात येतो. जड घेतलं तर धक्का तेच गिळतं, पण हात लवकर थकतो. मैदानावर भाड्याने मिळतं म्हणून मी आधी सगळ्यात मोठंच घेतलं. पहिल्याच गोळीला नळी माझ्या कपाळाच्या दिशेने उसळली आणि दुसरी गोळी उडवण्याआधीच माझे डोळे मिटले. डेलकाका एवढंच म्हणाले की ज्याच्या आवाजाला तू घाबरतोस त्याने हरीण मारू नये, नुसतं जखमी होईल.

हे सगळं मी रविवारी नानांना सांगायचो. त्यांना फार रस वाटायचा, निदान मला तसं वाटायचं. आई मागून ओरडायची, "सुनेनं चोळी मागितली का रं हरणाच्या कातड्याची? पंचवटीच्या मुलखातला तू, आन् हरणामागं जातो व्हय? मागं घराकडं कोण बघंल?"

"तू बस गं," नाना म्हणायचे. मग मला विचारायचे, "वजन किती त्याचं?"

"चव्वेचाळीसचं, सहा इंची. दीड किलोच्या आतबाहेर."

"मंग आपला पितळी तांब्या घे. काठोकाठ भर. हात लांब करून धर आन् वीस अंक मोज. पाणी सांडलं तर ते हत्यार आपलं नव्हं."

"नाना, इथं दोन्ही हातांनी धरतात."

"मंग दोन्ही हातांनी तांब्या धर की. पाण्याला काय कळतंय किती हात हायेत?"

तो तांब्या आईने भांडीबाजारातून घेऊन माझ्या बॅगेत घातलेला. मी स्वयंपाकघरात दोन्ही हातांनी तो समोर धरून उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे काय? फ्रिजला अर्घ्य देताय का?" पहिल्या दिवशी बारा अंकांना सांडलं. पंधरा दिवसांनी वीस अंक झाले, एक थेंब न सांडता. त्याच शनिवारी मी सहा इंची चव्वेचाळीस घेतलं. मूठ माझ्या पंजात नीट बसत होती. त्यात सौम्य गोळ्याही चालत असल्याने सरावाला धक्का कमी. जेवणाच्या कागदी ताटलीवर पाचपैकी पाचही गोळ्या जितक्या अंतरावरून बसतील तितकंच माझं शिकारीचं अंतर, असं डेलकाकांनी घालून दिलं. माझं चाळीस पावलं निघालं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "पस्तीसच धर. जनावर कागदाची ताटली नसतं."

त्या हंगामात नारिंगी जाकीट घालून मी दोन दिवस एका ओकच्या बुंध्याशी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नर आला. तीस पावलं. एक गोळी. हात स्थिर होता. रविवारी फोनवर सांगितलं. नानांनी एकच विचारलं, "एकातच?"

"एकातच."

"तडफडलं नाय ना? मंग ठीक." मग म्हणाले, "हात चांगला हाये तुझा. सांभाळ."

त्यांनी स्वतः एकही जनावर मारलं नव्हतं. आयुष्यभर हवेत बार काढले, डुकरं पळवायला. त्यामुळे त्यांचं ते "चांगला हाये" मी बक्षिसासारखं ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेतच. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. गोदावरीच्या घाटावर दहावा झाला, पाहुणे पांगले, आणि मला बंदुकीची आठवण झाली. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. नाना असते तर दुसऱ्याच दिवशी गेले असते. घरातलं एक काम तरी त्यांच्या पद्धतीने वेळेवर करावं, म्हणून मी खुंटीवरची खोळ काढली.

ती हलकी लागली. वजनांचा अंदाज हा माझा धंदाच आहे. मी बंद सोडला आणि खोळ उलटी केली. आतून द्राक्षाच्या मांडवाचा एक बांबू निघाला, बंदुकीच्या लांबीला बरोबर कापलेला. टोकाला फडकं गुंडाळून मागच्या लाकडी दस्त्याची जाडी आणली होती.

आई दारात उभी होती. ताईने पत्र्याच्या पेटीतून एक कागद आणून माझ्या हातात दिला. परवाना परत केल्याचा आणि बंदूक कायमची जमा केल्याचा. कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे मी चव्वेचाळीस की पंचेचाळीस असं विचारत होतो तेव्हा त्या खुंटीवर बांबू होता. दोन दसऱ्यांना मी पेन्सिल्व्हेनियातून त्या बांबूला हात जोडले होते.

"रोज सकाळी सूर्याला पाणी घालायचे ना," आई सांगू लागली. "एक दिवस धार पायावर आली. मला म्हणले, वाऱ्यानं. वारं कुठलं? मग आठ दिवस तेच. तांब्या भरायचा, धरायचा, अंक मोजायचे, सांडायचं. नवव्या दिवशी बंदूक घेतली आन् गेले. म्हणले, ज्या हातातनं पाणी सांडतं त्या हातात ही नको."

"मला का नाही सांगितलं?"

"तूच म्हणायचा ना, बंदूक घरात हाये तवर मला घोर नाय? मग त्यांनी तुला घोर लावला नाय." मग म्हणाली, "तू गोळ्यांचं-बिळ्यांचं विचारायचा तर लय खूश असायचे रं. फोन झाल्यावर आपला हात बघत बसायचे."

दोन वर्षं ती दोघं, वय झालेली, बिबट्याच्या उसाशेजारी, कापलेल्या बांबूच्या भरवशावर राहिली होती. आणि मी इकडे निर्धास्त होतो. माझी निर्धास्ती त्यांनी भिंतीवर टांगून ठेवली होती.

बाग आता वाट्याने दिला आहे. आई ताईकडे गंगापूर रोडला असते. तिसऱ्या मजल्यावर, तिथे बिबट्या येत नाही. खोळ मी इकडे आणली. तिच्यात रिव्हॉल्व्हर घालून बघितलं नाही. रिव्हॉल्व्हर त्याच्या कुलूपबंद कपाटात असतं. कधी मैदानावर नेतो, सौम्य गोळ्या उडवतो, पाचही ताटलीत बसतात. यंदा हरणाचा परवाना काढला नाही. डेलकाकांनी दोनदा विचारलं. एका गोळीत झालं हे कोणाला सांगायचं, हे त्यांना इंग्रजीत समजावणं मला जमलं नाही.

पूर्वी मला घर म्हणजे मळा वाटायचा, खुंटी वाटायची, त्या खुंटीवरची खोळ वाटायची. आता घर म्हणजे रविवारच्या फोनवरचा एक तळहाताएवढा चौकोन. मी आता "कशी आहेस" असं विचारत नाही. त्याचं उत्तर "बरी हाये" असं असतं, आणि ते किती पोकळ असू शकतं ते मी उलटं करून पाहिलं आहे. मी म्हणतो, "आई, पाणी पी ना थोडं." ती तांब्या उचलते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही. तांब्याकडे बघतो.

गेले तीन रविवार ती फोन डब्याला टेकवून ठेवते. तिचा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. विचारलं तर म्हणते, "धरून धरून अवघडतो रं हात." पाणी पी म्हटलं तर म्हणते, "आत्ताच प्याले."

ताई, हे तू वाचशील. आईला एवढ्यात वाचून दाखवू नकोस. मी तिकीट काढलं आहे. तिला सांगितलेलं नाही. आधी कळलं तर मी येईपर्यंत ती रोज तांब्या भरून अंक मोजत बसेल.